पाणी नदीचं नव्हतं, ताई

पत्र : मी 52 वर्षांची, मूळची कोल्हापूरकडची. गेली 19 वर्षं स्वीडनमध्ये राहते. लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, त्यामुळे पाण्याची भीती अशी कधी नव्हतीच. यंदा इथलं 'क्लासिकर', म्हणजे स्कीइंग, सायकल, पोहणं आणि धावणं या चार शर्यतींचं चक्र, पूर्ण करायचं मनावर घेतलं होतं. मार्चमध्ये 90 किलोमीटर स्कीइंग झालं, जूनमध्ये सायकल झाली. जुलैमध्ये वान्सब्रोला नदीत 3 किलोमीटर पोहायचं होतं. पाणी 17 अंश. पहिले दोन किलोमीटर प्रवाहाबरोबर मजेत गेले. प्रवाहाविरुद्ध लागल्यावर थोड्याच वेळात खोकला सुरू झाला, मग श्वास पुरेना, छातीत बुडबुड आवाज येऊ लागला. हात वर केला, त्यांनी बाहेर काढलं. तंबूत बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन 89. डॉक्टरांनी बरगड्यांवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, फुप्फुसात पाणी आहे. मास्क लावला, तासाभरात बरं वाटलं. चार दिवसांनी इथल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, तो अगदी स्वच्छ. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, घाबरून झालं असेल. गेल्या वर्षी तळ्यातही असाच खोकला आला होता, तेव्हा दम्याचा पंप मिळाला होता. आई फोनवर विचारते, 'सुईनं पाणी काढलं का?' आणि म्हणते, आता पाण्यात पाय घालायचा नाही. पाणी आत गेलंच कसं? खरंच होतं का? पुन्हा पोहू का? ता. क. रक्तदाब कधीकधी 145 दाखवतो, गोळी चालू नाही. वेटसूट नवा होता, जरा घट्टच. पाणी मात्र आदल्या रात्रीपासून भरपूर पीत होते.

उत्तर :

ताई,

आधी तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळा घोळ त्या एका शब्दात आहे. आपल्याकडे 'छातीत पाणी झालं' म्हटलं की ते फुप्फुसाच्या बाहेर साचलेलं पाणी असतं. फुप्फुसावर दोन पदरांचं आवरण असतं, त्या पदरांमध्ये ते जमतं. टीबीमध्ये होतं, न्यूमोनियानंतर होतं. मग डॉक्टर पाठीतून सुई घालून ते काढतात. आईंनी कधीतरी कुणा नातेवाइकाच्या खाटेशेजारी ती पिवळ्या पाण्याची बाटली पाहिलेली असणार. तुमच्या बाबतीत ते नव्हतं. तुमचं पाणी फुप्फुसाच्या आत, त्याच्या अंगात मुरलेलं होतं. स्पंज ओला व्हावा तसं. ते सुईनं काढता येत नाही आणि काढावंही लागत नाही, शरीर ते परत शोषून घेतं.

आणि ते नदीचं नव्हतं. नाकातोंडात पाणी गेलं म्हणून हे झालं, तुमचं पोहणं कच्चं पडलं, असं मनात असेल तर ते काढून टाका. ते पाणी तुमच्याच रक्तातून आलं.

कसं, ते सांगतो. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात गेला की बाहेरचं पाणी पायांना, पोटाला चहूबाजूंनी दाबतं आणि तिथल्या शिरांमधलं रक्त वर छातीकडे सरकतं. अर्ध्या लीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. पाणी गार असेल तर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आणखी रक्त आत येतं. घट्ट वेटसूट तेच काम बाहेरून करतो. आदल्या रात्रीपासून प्यायलेलं पाणी रक्ताचं एकूण आकारमान वाढवतं. यात तुम्ही प्रवाहाविरुद्ध जोर लावलात, म्हणजे हृदय मिनिटाला कितीतरी जास्त रक्त फुप्फुसांत ढकलू लागलं. तिथल्या बारीक केशवाहिन्या आणि हवेचे फुगे, ज्यांना आपण वायुकोश म्हणतो, यांच्यामधली भिंत केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असते. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ती झिरपते. रक्तातला पातळ भाग आधी भिंतीत आणि मग वायुकोशात येतो. भिंत जास्त ताणली गेली तर थोडं रक्तही येतं, म्हणून काहींना गुलाबी, फेसाळ थुंकी पडते. ती बुडबुड तुम्ही ऐकलीत ना, ती हवा त्या पाण्यातून जातानाची होती. वैद्यकात याला 'स्विमिंग-इन्ड्यूस्ड पल्मनरी इडिमा' म्हणतात. पोहण्यामुळे फुप्फुसाला आलेली सूज, असं आपण म्हणू.

हा प्रकार कुणी काल शोधलेला नाही. ब्रिटनमध्ये पीटर विल्म्सहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये अशा 11 जणांबद्दल लिहिलं, पाणबुडे आणि पोहणारे. 1995 मध्ये इस्रायलच्या सैन्यातल्या आठ प्रशिक्षणार्थींची हकीकत छापून आली. तरणीताठी मुलं, समुद्रात 2.4 किलोमीटर पोहायला सोडलेली. पोहण्याआधी त्यांना लीटरच्या लीटर पाणी पाजलं होतं. समुद्र फारसा गारही नव्हता, तरी खोकत, रक्त थुंकत बाहेर आली. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड मून यांनी तर ज्यांना हा त्रास पूर्वी झाला होता अशा 10 खेळाडूंच्या रक्तवाहिन्यांत बारीक नळ्या घालून त्यांना 20 अंशांच्या पाण्यात बुडवून सायकल मारायला लावली. इतरांच्या तुलनेत त्यांच्या फुप्फुसातल्या धमनीचा दाब जास्त चढतो, हे 2016 मध्ये त्यांनी दाखवून दिलं. सिल्डेनाफिल या गोळीनं तो दाब उतरला, हेही. ही गोळी व्हायग्रा नावानं सगळ्यांना ठाऊक आहे. ती स्वतःच्या मनानं घेऊन पाण्यात उतरण्याचा विचार मात्र कुणी करू नये. तिनं रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या ती जिवावर बेतू शकते.

आता तुमच्या वान्सब्रोकडे येतो. ताई, जगात हा त्रास व्हायचाच असेल तर याहून बरी जागा सापडणं कठीण. वानोन नदीतून दोन किलोमीटर खाली आणि मग वेस्टरदालएल्वेनमध्ये एक किलोमीटर उलट, या तुमच्या मार्गावरच मारिया होर्डस्टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हा आजार अभ्यासला आहे. 2016 ते 2019 या चार वर्षांतल्या जवळपास 47,600 पोहण्यांचा त्यांनी हिशेब मांडला. एकूण प्रमाण निघालं 0.44 टक्के. पण ते फोडून पाहिलं की चित्र बदलतं. पुरुषांत 0.09 टक्के, बायकांत 0.75. म्हणजे हजार बायका पाण्यात उतरल्या की सात-आठ जणी तुमच्यासारख्या तंबूत. आणि वयाबरोबर हे प्रमाण चढत गेलेलं. तेव्हा 52 व्या वर्षी, गार पाण्यात, उलट्या प्रवाहात तुम्हाला हे व्हावं यात नवल नाही.

सोनोग्राफीच्या त्या दोन मिनिटांबद्दल तुम्हाला शंका आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. मी शिकत होतो तेव्हा आम्हाला सांगत, फुप्फुसाची सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही, आत हवा आहे, ध्वनिलहरी हवेतून जातच नाहीत. ते खरंच आहे. पण 1990 च्या दशकात डानिएल लिश्टेनश्टाइन नावाच्या फ्रान्समधल्या अतिदक्षता डॉक्टरांनी त्याच अडचणीचं साधन केलं. कोरड्या, हवेनं भरलेल्या फुप्फुसावर यंत्र ठेवलं की आवरणाची एक चमकती रेघ दिसते आणि तिच्याखाली सारख्या अंतरावर तिचीच आडवी प्रतिबिंबं. समोरासमोरच्या दोन आरशांत दिसतात तशी. फुप्फुसाच्या भिंती ओल्या झाल्या की लहर त्या पाणी-हवेच्या मिश्रणात अडकून घुमत राहते आणि पडद्यावर आवरणापासून थेट तळापर्यंत उभा, लखलखीत पट्टा उमटतो. धूमकेतूच्या शेपटासारखा. श्वासाबरोबर तो इकडेतिकडे सरकतो. डॉक्टर त्याला बी-लाइन म्हणतात. एखाददुसरी निरोगी माणसातही दिसते. पण दोन बरगड्यांमधल्या एकाच फटीत तीन किंवा जास्त, आणि दोन्ही बाजूंना एकाहून अधिक ठिकाणी दिसल्या, तर ते फुप्फुस ओलं आहे. यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं, किरणोत्सर्ग नाही. नदीकाठच्या तंबूत याहून कामाचं दुसरं काही नाही.

एक मात्र आहे. अशा रेषा न्यूमोनियात दिसतात, हृदय कमजोर असेल तरी दिसतात. यंत्र एकटं निदान करत नाही. स्वीडनच्या त्या पथकाचं मोल मला यासाठी वाटतं, की त्यांनी हकीकत, बोटावरचा ऑक्सिजन, स्टेथोस्कोपमधली चरचर आणि सोनोग्राफी या सगळ्यांची एकमेकांशी पडताळणी केली. पोहताना अचानक धाप किंवा खोकला, ऑक्सिजन 95 किंवा खाली, फुप्फुसात चरचर. जिथे सोनोग्राफीचं यंत्र नाही तिथल्या डॉक्टरलाही एवढ्यावरून बरंच ठरवता येतं. कोविडमध्ये घरोघरी आलेलं ते बोटाचं यंत्र आपल्याकडे आता कपाटात पडून असतं, ते पोहायला जाताना पिशवीत टाकावं. फक्त गारठलेल्या बोटावर ते खोटे आकडे दाखवतं. बोट चोळून गरम करा, नखाला पॉलिश नको, आकडा अर्धा मिनिट स्थिर राहू दे, मगच माना. तुमचा 89 तंबूत, डॉक्टरांसमोर, सोनोग्राफीच्या जोडीनं आलेला आहे. त्यावर शंका घेण्याचं कारण नाही.

मग चार दिवसांनी एक्स-रे स्वच्छ कसा? कारण हे पाणी बहुतेकांत एक-दोन दिवसांत ओसरतं. पाऊस थांबल्यावर चार दिवसांनी अंगण कोरडं दिसलं म्हणून पाऊस पडलाच नव्हता असं कुणी म्हणत नाही. स्वच्छ एक्स-रे ही चांगली बातमी आहे, फुप्फुस सावरल्याची. 'घाबरून झालं' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. घाबरल्यानं धाप लागते, हातांना मुंग्या येतात, ओठ सुन्न पडतात, पण ऑक्सिजन 89 वर येत नाही आणि छातीत बुडबुड होत नाही.

हे मी जरा तावातावानं लिहितोय, कारण यात मीही चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती, पोहताना खोकला आणि धाप ही तक्रार घेऊन. मी दम्याचं निदान केलं, पंप लिहून दिला आणि पुढच्या पोहण्याला हरकत नाही म्हणालो. तिला पुन्हा तेच झालं. सुदैवानं सोबतची नाव जवळ होती. तेव्हापासून पोहणाऱ्या माणसाला मी आधी विचारतो, आवाज कसा होता? दम्यात श्वास सोडताना शिट्टी वाजते. यात चरचर, बुडबुड होते. दम्याचा पंप घेतला की दम्याच्या माणसाला मोकळं वाटतं, यात फारसा फरक पडत नाही. आणि नाकातोंडात खरंच पाणी गेलं असेल तर माणसाला तो क्षण आठवतो, लाट आली, ठसका लागला. तुमच्या पत्रात असा क्षण कुठे नाही. गेल्या वर्षी तळ्यात जे झालं तेही बहुधा हेच होतं. तुमच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, दोनदा झालंय म्हटल्यावर त्या वेगळ्या नजरेनं पाहतील. दमा असण्याची शक्यता मात्र मी खोडत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून श्वासाची चाचणी एकदा नीट करून घ्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ती तुम्ही ता. क. मध्ये लिहिलीत. 145.

रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की हृदयाचा डावा कप्पा जाड आणि ताठर होतो. फुप्फुसातून येणारं रक्त त्याला सैल होऊन सामावून घ्यायचं असतं. तो सैल झाला नाही की मागे दाब वाढतो, आणि मागे काय आहे? तीच फुप्फुसाची पातळ भिंत. विल्म्सहर्स्ट यांच्या त्या 11 जणांपैकी बऱ्याच जणांना पुढे रक्तदाबाचा आजार निघाला. तेव्हा हा प्रसंग मी तुमच्या हृदयानं पाठवलेली सूचना समजेन. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी रक्तदाब मोजा, पाच मिनिटं शांत बसून, आणि वहीत लिहा. शक्य असेल तर 24 तासांची पट्टी लावून मोजणी करून घ्या. ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, हे दोन्ही हवेतच. झडपा आणि डावा कप्पा कसा आहे ते त्यात कळेल. पन्नाशीच्या पुढच्या माणसात पोहताना फुप्फुसात पाणी होण्यामागे झडपेचा दोष, हृदयाच्या ठोक्यांचा गोंधळ, क्वचित हृदयविकाराचा झटकासुद्धा लपलेला असू शकतो. एवढं झाल्याशिवाय मोकळ्या पाण्यात उतरायचं नाही, तलावात नाही आणि नदीतही नाही. इथे मी आईंच्या बाजूनं आहे.

पण कायमचं नाही. तपासण्या नीट आल्या आणि रक्तदाब आटोक्यात आला तर पोहणं सोडायला मी सांगणार नाही. हा त्रास एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतो, तुमच्या बाबतीत तर तो दोनदा झालाय, हे स्वीकारूनच पुढचं ठरवायला हवं. आधी काही महिने स्विमिंग पूलमध्ये, कोमट पाण्यात, हळूहळू अंतर वाढवत. मग उन्हाळ्यात काठाकाठानं, आणि एकटीनं कधीच नाही. सोबत कमरेला बांधायचा तरंगता फुगा ओढत न्या. वेटसूट असा हवा की तो घालून खोल श्वास घेताना छातीवर दाब जाणवू नये. दुकानात कोरड्या अंगानं बसतो म्हणून भागत नाही, एकदा पाण्यात घालून पाहा. तहान असेल तेवढंच पाणी प्या, 'भरून ठेवायचं' हा सल्ला धावणाऱ्यांसाठीही फारसा बरा नाही, पोहणाऱ्यांसाठी तर मुळीच नाही. सुरुवात संथ असू द्या.

आणि खोकला आला, किंवा कष्टाच्या मानानं धाप जास्त वाटली, की तिथेच पोहणं थांबवा. 'अजून दोनशे मीटरच आहेत' हा हिशेब नको. पाण्यात आहात तोवर रक्त छातीत ढकललं जातच राहणार, त्यामुळे दम खाऊन पुढे जाण्यानं हे उतरत नाही, वाढतं. फुगा किंवा बोया धरा, अंग उभं ठेवा, पाठीवर आडवं पडून तरंगत राहू नका, हात वर करा. यंदा तुम्ही अगदी हेच केलंत. कुणी तुम्हाला 'अर्ध्यात सोडलं' म्हटलं तर त्यांना पुढे बोलू देऊ नका. या आजारानं पाण्यातच माणसं गेलेली आहेत. काठावर आल्यावर वेटसूट छातीवरून उतरवायचा, बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही, अंग गरम करायचं आणि ऑक्सिजन मिळवायचा. तुम्हाला लावलेला तो मास्क दाबानं हवा आत देतो, त्यानं वायुकोश उघडे राहतात आणि पाणी मागे हटतं. तंबू नसेल तर स्वीडनमध्ये 112, आपल्याकडे 108.

हे शेवटचं आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांसाठीही. मालवणला चिवला बीचवर पोहणारी किंवा धरमतर ते गेटवे अशी लांब पल्ल्याची तयारी करणारी मुलं आणि त्यांचे पालक म्हणतील, आमचा समुद्र कुठे 17 अंशांचा आहे? नाही, आणि तेवढी जोखीम कमी आहे. पण पाण्याचा दाब, जोर, पोटभर प्यायलेलं पाणी हे सगळं इथेही आहे. त्या इस्रायलच्या मुलांचा समुद्रही गोठवणारा नव्हता. सोबतच्या नावेत ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर असायलाच हवा.

राहिलं तुमचं क्लासिकर. चारही गोष्टी 12 महिन्यांत पूर्ण व्हाव्या लागतात, पण सुरुवात कुठूनही केली तरी चालते. तेव्हा एको आणि रक्तदाबाचा निकाल चांगला आला, डॉक्टर धावायला हो म्हणाले, तर सप्टेंबरमध्ये लिडिंगोचे 30 किलोमीटर, मग मार्च, जून, आणि शेवटी जुलैचं पोहणं असं नवं चक्र धरता येईल. पोहण्याचा निर्णय एप्रिल-मेपर्यंत लांबवा. तोवर पूलमध्ये काय होतंय ते कळलेलं असेल. तीन किलोमीटरऐवजी बायकांची एक किलोमीटरची फेरी घेण्याचाही विचार करा, तिच्यासाठी वेगळं 'क्लासिकर' आहे. छोटं अंतर म्हणजे हमी नव्हे, पण पाण्यातला वेळ कमी.

तंबूतल्या डॉक्टरांची नोंद मागवून घ्या. ऑक्सिजनचे आकडे, सोनोग्राफीत काय दिसलं, मास्क किती वेळ लावला, हे सगळं त्यात असेल. तो कागद आणि रक्तदाबाची वही घेऊन दवाखान्यात जा आणि एको मागा. निकाल आला की मला कळवा. आणि आज संध्याकाळी आईंना फोन करून एवढं सांगा, की सुई लागली नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी पाण्यात उतरणार नाही.